शाल-श्रीफळ राहू द्या, आधी घटना नीट लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात वाड्यावाड्यावर कला मंडळे आहेत. त्यांतली बरीचशी सत्काराच्या दिवशी जागी होतात आणि दुसऱ्या दिवशी निजतात. भजनी, घुमट (कातडे ताणून बसवलेले मातीचे वाद्य) वाजवणारे, दशावतारी, हौशी नट यांच्या वर्षभर उपयोगी पडेल अशी नोंदणीकृत संस्था काढू पाहणाऱ्यांसाठी हे पत्र आहे.

पहिली गोष्ट, महाराष्ट्रातल्या ओळखीच्या संस्थेची घटना उतरवून घेऊ नका. तिथला सार्वजनिक न्यास कायदा आणि धर्मादाय आयुक्त गोव्यात नाहीत. इथे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली जिल्हा निबंधकांकडे जावे लागते. किमान सात सभासद, संस्थेची घटना, नियमावली आणि कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा लागतो. पत्त्यापाशीच पहिला खोळंबा होतो. घरपट्टी आजोबांच्या नावावर, वाटण्या झालेल्या नाहीत आणि संमती द्यायला चार भाऊ चार ठिकाणी. अशा घराचा पत्ता देण्याआधी लेखी संमती गोळा करा, नाहीतर ज्याचे कागद स्वच्छ आहेत अशी एक खोली बघा.

उद्दिष्टांच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्याकडची बहुतेक मंडळे देवळाच्या मांडावर, म्हणजे उत्सवी कार्यक्रमांच्या जागी, वाढली, म्हणून पहिल्या ओळीत ‘श्रींचा उत्सव साजरा करणे’ सहज येते. त्या ओळीची किंमत पुढे मोजावी लागते. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी (लोक तिला अजून ८०जी म्हणूनच ओळखतात) एका जातीपुरत्या किंवा एका धर्मसमूहापुरत्या संस्थेला मिळत नाही, आणि धार्मिक खर्चालाही उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हा उत्सव देवस्थान समितीकडेच असू द्या. संस्थेने कलेचे शिक्षण, सादरीकरण, जतन आणि कलाकारांना साहाय्य एवढेच लिहावे. नुसते ‘भजन’ लिहिले तर उद्या फुगडी-धालोसारखी लोकनृत्ये करणाऱ्या बायकांसाठी काही करताना हात बांधले जातात. नंतर बदलू म्हणाल तर कायद्याने दोन खास सभा लागतात, मध्ये एक महिन्याचे अंतर आणि दोन्हींत तीन-पंचमांश मते. आपल्या सभांना चहाच्या वेळेपर्यंत किती जण थांबतात हे सर्वांना ठाऊक आहे. संस्था बंद पडली तर शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, ती तशाच दुसऱ्या संस्थेला जाते. तेही घटनेत स्पष्ट असावे, आयकर खाते ते कलम शोधते.

दुसरी अडचण नाजूक आहे. सात संस्थापक म्हणजे बहुधा एकाच घरचे तिघे आणि त्यांचे साथीदार. संस्थेचा पैसा पदाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या खिशात अवाजवी गेला तर करमाफी धोक्यात येते. म्हणून ज्यांना संस्थेकडून नियमित बिदागी मिळणार, त्यांनी कार्यकारिणीत बहुमतात बसू नये. दोन-तीन कलाकार, एक निवृत्त बँक कर्मचारी, एक शिक्षक, शेजारच्या वाड्यावरचा कोणीतरी, अशी सात माणसे पुरतात. शेजारचा मुद्दाम म्हणतो, कारण देवळातल्या मानपानाचा वाद पेटला की एकाच वाड्याची संस्था त्याच रेषेवर फुटते. बिदागीचे दर आधी ठरावात लिहा. अध्यक्षांच्या पुतण्याला आणि परक्या पखवाजियाला दर एकच.

संस्थेचे खरे काम कागदाचे आहे. प्रत्येक कलाकाराची एक फाइल करा: आधार, पासबुकाचे पहिले पान, निमंत्रणपत्रिका, हस्तपत्रके, तारखेसह कात्रणे. कला व संस्कृती खात्याच्या साहाय्य योजनांसाठी अर्ज करताना वृद्ध कलाकाराला इतक्या वर्षांची सेवा दाखवता येत नाही, कारण पुरावे वाळवीने आणि पावसाने खाल्लेले असतात. जूनआधी सगळे स्कॅन करून ठेवा. नावांकडेही लक्ष द्या. जुन्या जन्मदाखल्यावर नाईक आडनाव पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ लावून, आधारवर साध्या ‘के’ने आणि निमंत्रणपत्रिकेवर गावाच्या नावाने. तिन्ही जुळवणारे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवले तर बँकेतले हेलपाटे वाचतात. त्याच फाइलसोबत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण देणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून घ्यावा. रात्री दोनला नाटक संपवून दुचाकीवरून परतणाऱ्यांना तो हवाच. वयाची अट १८ ते ७०.

पैसे रोख घेऊ-देऊ नयेत. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नसते. खाते संस्थेच्या नावे, सहीचा अधिकार तिघांना आणि त्यांतल्या दोघांच्या सहीने चालणारे. सरकारी अनुदान पडदा उघडण्याआधी हातात पडेल असे धरून चालू नका. चाळीस सभासदांनी महिना शंभर दिले तर वर्षाला ४८,००० होतात, तेवढ्यावर मंडप आणि ध्वनिक्षेपकवाल्याची आगाऊ रक्कम भागते.

लंडनला किंवा लिस्बनला असलेल्या गावकऱ्याकडून पैसे घेताना त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने परदेशातली स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवली तर प्रश्न नाही. पण त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल तर तो कायद्याने विदेशी स्रोत ठरतो. मग एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याचा रुपयाही चालत नाही, मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना. आपल्याकडे अशी घरे थोडी नाहीत.

वाद्यांसाठी निधी ठेवाल तर घुमटाबाबत ठाम राहा. घोरपडीचे कातडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. ‘जुनेच आहे’ म्हणून संस्थेच्या साठ्यात घेऊ नका, बकरीचे कातडे लावून घ्या. ते चवथीच्या दमट हवेत लवकर सैल पडते, म्हणून आरतीच्या जोडीला एक जादा घुमट तयार ठेवावे.

शेवटी एक मागणी: जिल्हा निबंधक कार्यालयांनी कला संस्थांसाठी नमुना घटना मराठी-कोंकणीतून उपलब्ध करावी आणि रवींद्र भवनांनी (सरकारी कलामंदिरांनी) आठवड्यातून एक सकाळ अर्ज भरून देणारा माणूस बसवावा.

आपले,
फोंडा तालुक्यातील काही रंगकर्मी व भजनी कार्यकर्ते