नोव्हेंबरची यादी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या म्हणून केलेली तुझी यादी काल जेवताना बाबांना वाचून दाखवली. ‘मिडलमार्च’, ‘ब्लीक हाउस’, ‘व्हॅनिटी फेअर’, ‘वुदरिंग हाइट्स’ आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, सगळं एका नोव्हेंबरात. बाबा म्हणाले, “आणि ही आंघोळ कधी करणार?”

आधी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वाल्या जेन ऑस्टिनला यादीतून काढ. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ साली, आणि ऑस्टिन १८१७ मध्येच गेली. लांब झगे आणि घोड्यांच्या बग्ग्या दिसल्या की लोक तिला खुशाल त्या काळात ढकलतात. आवडते ना, मग डिसेंबरात वाच.

उरलेल्या चारांपैकी तीन विटेएवढ्या जाड आहेत. त्यांतली एकच घे, आणि माझं ऐकशील तर डिकन्सची ‘ब्लीक हाउस’. तिची सुरुवातच नोव्हेंबरातल्या लंडनमध्ये होते. रस्त्यांवर चिखल, नदीवर धुकं, आणि धुकं सगळ्यात दाट कुठे, तर वारसा-इस्टेटीचे दावे चालवणाऱ्या चॅन्सरी कोर्टापाशी. तिथे जार्नडिस घराण्याचा दावा इतकी वर्षं चाललाय की तो मुळात कशाबद्दल आहे हेच कुणाला सांगता येत नाही. मला ते एम.ए.च्या वर्गात कळलं नव्हतं. तुझे आजोबा बांधाच्या दाव्यासाठी तालुक्याला जायचे, पिशवीत दोन भाकऱ्या आणि कागदांची गुंडाळी. संध्याकाळी परत आले की चपला काढता काढता एवढंच म्हणायचे, “पुढची तारीख.” ते आठवलं तेव्हा कुठे डिकन्स कळला.

परीक्षेसाठी मी हे पुस्तक नऊ दिवसांत उरकलं होतं, आणि लक्षात राहिलं फक्त धुकं. अगं, ते तसं वाचायला लिहिलेलंच नाही. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३, दर महिन्याला एक पातळ अंक, किंमत एक शिलिंग. शेवटचा तेवढा जोडअंक. लोक महिनाभर वाट बघत. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ही ‘करमणूक’ साप्ताहिकातून अशीच हप्त्याहप्त्याने आली. म्हणून तू रोज संध्याकाळी एकच अंक वाच. काही आवृत्त्यांत अंक कुठे संपला ते दिलेलं असतं. १९ संध्याकाळी लागतील. पुढे काय झालं म्हणून जीव कासावीस झाला तरी पान उलटायचं नाही. (हे तुला जमणार नाही, मला माहीत आहे.)

राहिले ११ दिवस. ‘वुदरिंग हाइट्स’ राहू दे, आणि तिच्यानंतर श्वास घ्यायला गॅस्केलबाईंची छोटीशी ‘क्रॅनफर्ड’ घे. तीत मिस मॅटी नावाची एक वृद्धा आहे. घरात मेणबत्त्या दोन, पण जळते एकच. दोघींची उंची सारखी राहावी म्हणून ती त्या आलटून पालटून लावते, म्हणजे अवचित कुणी आलंच तर वाटावं, यांच्याकडे रोजच दोन जळतात. आपली ठेवणीतली कपबशी आठवली ना?

‘व्हॅनिटी फेअर’ पुढच्या वर्षी. ‘मिडलमार्च’ला मात्र अजून हात लावू नकोस. मी विशीत अर्धी टाकून दिली होती, डोरोथियाने त्या रुक्ष कासोबॉनशी लग्न केलं म्हणून चिडून. चाळिशीत पुन्हा घेतली तेव्हा चिडले नाही, नुसती वाचत बसले.

‘ब्लीक हाउस’ विकत घेऊ नकोस. माझी प्रत सोमवारी कुरिअरने पाठवते, सोबत चिवडा आहे. पुठ्ठा सुटलाय, जपून उघड. समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. मध्ये एका ठिकाणी नुसतंच ‘झोप’ असं लिहिलेलं सापडेल. ती परीक्षेची आदली रात्र.

तुझी,
आई