पत्रास कारण सुतळी

कराड,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय नान्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझी शुगर गोळीवर आहे, हिचा गुडघा होता तसाच कुरकुरतोय. दीड वर्षात मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. तुझं बरोबर होतं. माझं काय होतं ते सांगायलाच बसलोय, पण एकदम तोंडातून निघणार नाही. जरा वळसा घालून येतो.

आपली म्हातारी गाडी मे महिन्यात परत बंद पडायला लागली. मधले दिवस गावातल्या गावातच फिरणं होतं, बाजार आणि घर, इंजिन तापायच्या आत परत दारात. म्हणून काही कळलं नाही. उन्हात कोल्हापूर नाक्यापलीकडे गेलो की मात्र झोपायची. ना धक्का, ना आवाज, दिवा मालवावा तशी. अर्धा-पाऊण तास थांबलं की पहिल्या चावीला चालू, जसं काही झालंच नाही.

आपला नेहमीचा मिस्त्री आता गॅरेज बंद करून गावी शेती करतो. दुसऱ्या एकाकडे नेली. त्याने बंद पडलेल्या गाडीच्या मागच्या सीटला कान लावला, पेट्रोल पंपाची घरघर येत नाही म्हणाला आणि पंप बदलला. ४,८०० रुपये. तिसऱ्या दिवशी म्हातारी परत रस्त्यात. मग प्लग बदलले. मग कॉइल बघू म्हणाला. स्कॅनर लावला तर गाडी गार झालेली, त्यावर काही दिसेना. मी म्हटलं, राहू दे. चिरंजीव म्हणाले, बाबा, विका. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२१ ला पाच वर्षांचं पासिंग करून आणलं, हरित कर भरला, आता परत तेच करणार का? या मुलाला अण्णांनी शाळेत सोडलंय त्या गाडीतून! पण मुद्दा तो नाही.

एका दुपारी उंब्रजच्या अलीकडे थांबलो होतो. चावी फिरवतोय, स्टार्टर जोरात फिरतोय, आणि सहज आरपीएमच्या काट्याकडे लक्ष गेलं. शून्यावर मेल्यासारखा पडलेला. गार गाडीत चावी मारली की तो काटा थोडा तरी उडतो, हे इतकी वर्षं बघतोय. म्हणजे इंजिन फिरतंय हेच इंजिनच्या कॉम्प्युटरला कळत नव्हतं! त्याला कळलं नाही की तो ठिणगी देत नाही, पेट्रोल सोडत नाही, आणि पंपही चालू ठेवत नाही. पंप बिचारा निरोगी होता.

क्रँक सेन्सर, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा. तू डिप्लोमाला हे शिकला असशील, म्हणजे वर्गात बसला असशील तर. आपल्या सायकलच्या डायनामोचाच नातेवाईक आहे तो. आत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. फरक एवढाच की डायनामोत चुंबक फिरतो, इथं दोघंही जागच्या जागी आणि समोरून लोखंडी दातांचं चाक जातं. दात आला की वीज उठते, गेला की उतरते. ६० दातांची जागा, पण दात ५८. दोन मुद्दाम पाडलेले. ती खिंड समोर आली की कॉम्प्युटर मोजणी नव्यानं सुरू करतो, एकेक दात ६ अंशांचा. पडलेल्या दातांवरून ओळख पटवायची, हे मला लगेच पटलं. आपण बंड्याला गर्दीत कसा शोधायचो?

तर आज सकाळी हिची बोलणी खात गाडी वर उचलली. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही ही अण्णांची शिकवण, म्हणून दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या. बॅटरीची मायनस सोडवली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं मिळतात तिथं खाली बसलाय हा. एकच १० नंबरचा बोल्ट, पण हात घालून बघ! मनगट जाईल एवढी जागा आणि डोकं जाणार नाही, म्हणजे काम सगळं बोटांच्या डोळ्यांनी. बोल्टनं ‘कट्‌’ असा आवाज केला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. तुटला नाही, सुटला होता. सेन्सर मात्र हलेना. त्याची रबरी रिंग इतक्या वर्षांत फुगून घराला चिकटलेली. ओढला असता तर डोकं हातात आणि शेपूट इंजिनात. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, तेलाचे चार थेंब, परत डावीकडे. तास गेला. निघाला तेव्हा टोकाला लोखंडी कीस दाढीसारखा चिकटलेला होता.

पुसून मीटर लावला. आठशेच्या आसपास ओहम. म्हणजे ठणठणीत! पोटात गोळा आला, चुकीचा पेशंट कापला की काय. मग आठवलं, रोग तापल्यावर येतो. हिचा केस वाळवायचा ड्रायर आणला (परत करायचाय, तेलाचे डाग पुसून) आणि सेन्सरवर, मग वायरवर धरला. दोन मिनिटांत आकडे नाचले आणि मीटरवर नुसता १ उभा राहिला. तार आतून तुटलेली. गार असताना टोकं टेकत होती, तापली की सुटत होती.

आणि नान्या, आता ते.

वायर एका जागी वितळून काळी पडलेली होती. सायलेन्सरच्या पाइपाला टेकून. टेकली का, म्हणून टॉर्च घेऊन परत खाली गेलो. क्लिप नव्हती. क्लिपच्या जागी, ब्रॅकेटला, सुतळीची गाठ. एक टोक जळून कोळसा झालेलं. माझी गाठ मी ओळखतो.

गुहागरला निघायच्या आदल्या दिवशी आपण ऑइल फिल्टर बदलला तेव्हा ती क्लिप माझ्या कोपरानं तुटली. तू टॉर्च धरून उभा होतास. ‘थांब, खालून प्लास्टिकचा टाय आणतो’ म्हणालास. मी म्हणालो, सुतळीवर जग चाललंय. हसलास आणि म्हणालास, तुझं जग.

येताना कुंभार्ली घाटात, पोफळीच्या वर, तुझ्या हातात गाडी बंद पडली. मी वहिनींसमोर, मुलांसमोर काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुला पाठ असेल. अण्णांचं नाव घ्यायला नको होतं. तू एक शब्द न बोलता किल्ली बॉनेटवर ठेवलीस आणि चिपळूणहून आलेल्या एसटीला हात केलास. पाऊण तासानं मी चावी फिरवली, झटक्यात चालू! ‘बघा, हात लागतो’ असं मी दहा जणांना सांगितलंय, लेका. दहा जणांना. पक्याच्या मुलीच्या लग्नातसुद्धा. तू आला नव्हतास म्हणून.

मी पंधरा-वीस मिनिटं गाडीखालीच पडून होतो. ही वरून विचारत होती, जिवंत आहात का.

नवा सेन्सर साडेअकराशेचा. आधी एक स्वस्तातला आणला होता, जुन्याशेजारी धरला तर त्याचं नाक आखूड. दात आणि नाक यांत जेमतेम मिलिमीटरभर जागा असते, आखूड नाकाला काय वास येणार? परत केला. चांगला बसवला, रिंगेला बोटानं तेल लावलं, वायर पाइपापासून लांब घेऊन दोन टाय मारले. दोन. दुपारी अडीचला हिला घेऊन निघालो. पाटण, कोयनानगर, हेळवाक, घाट उतरून पोफळी आणि लगेच उलटा वर. एसी चालू, दुसरा गिअर, ऊन. त्या वळणावर मुद्दाम थांबलो आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. वीस मिनिटं. आरपीएमचा काटा एकदाही पडला नाही. ही म्हणाली, आता नान्याभावजींना फोन करा. रेंज नव्हती. खरं म्हणजे रेंज होती.

वहिनींची बदली झाली असं उडत उडत कळलं, नाशिकलाच राहिली का? धाकट्याचं बारावीचं काय झालं? तुझ्या पाठीचं ऑपरेशन टळलं म्हणे, बरं झालं. सगळं सविस्तर कळव. शिव्या दिल्यास तर त्याही सविस्तर दे.

सुतळीचा तुकडा सोबत पाकिटात घातलाय. गणपतीला या सगळे. गुहागरला परत जाऊ, येताना घाट तूच चढवायचा. आणि माझ्या शेजारी बसायचं नसेल तर तुला एसटीचा रस्ता माहीत आहेच.

तुझा,
सुतळी

ता.क. १० नंबरचा तो लांब पाना तुझ्याकडे आहे. आज त्याच्यावाचून फार हाल झाले. येताना घेऊन ये, भांडण वेगळं आणि पाना वेगळा.