साउंडबार आणण्याआधी: जुन्या सेटविषयी आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दसऱ्याला साउंडबार आणायचा आणि सोप्यातला जुना सेट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर, एक्स्चेंजमध्ये द्यायचा, नाहीतर भंगारात घालायचा, असं तुमचं ठरत आलंय. साउंडबार जरूर घ्या, पण जुना सेट इतक्यात घराबाहेर काढू नका. असे सेट देऊन टाकून पुढे वर्षानुवर्षं तसाच सेट शोधत फिरणारी माणसं खूप आहेत. बहुतेकांच्या बाबतीत बिघडलेला असतो एखादा लहान भाग आणि जातो अख्खा सेट. भंगारवाला ॲम्प्लिफायरची किंमत ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यावर करतो आणि स्पीकरची लोहचुंबकाच्या वजनावर. आतला आवाज तो मोजत नाही.

आधी रेकॉर्ड प्लेअर, कारण तो गेला तर सगळ्यात जास्त अडचण होईल. आपल्या प्लेअरला मिनिटाला १६, ३३, ४५ आणि ७८ फेरे असे चार वेग आहेत. आज दुकानात मिळणाऱ्या चांगल्या प्लेअरपैकी बहुतेकांना ३३ आणि ४५ एवढेच असतात. घरात केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या ज्या जुन्या लाखेच्या तबकड्या आहेत, त्या ७८च्या. शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब आपल्या कोल्हापुरात राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकी तिथे रुजली. त्या गायकीचा तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेला अर्क या तबकड्यांवर आहे. प्लेअर गेला तर त्या नुसत्या कपाटात राहतील.

सूटकेसच्या आकाराचे नवे स्वस्त प्लेअर ७८ वेग देतात, पण सुई एलपीची, म्हणजे ३३च्या तबकडीचीच असते. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. स्टिरिओ एलपीला १८ मायक्रॉनच्या आसपासची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते, आवाजापेक्षा खरखर जास्त येते आणि सुईही झिजते. उलट ७८ची जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी कायमची खराब होते. आपल्या प्लेअरच्या सिरॅमिक कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या भागाला, पुढे एक चिमुकली पट्टी आहे. ती फिरवली की सुई बदलते, एका बाजूला ७८ लिहिलेलं असतं. बाबा, तबकडी लावण्याआधी ते दर वेळी बघाच. या कार्ट्रिजला ४ ते ६ ग्रॅम दाब लागतो. टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांडीवर, नाणं ठेवून दाब वाढवायची जुनी सवय असेल तर ती सोडा. सुई नीलमाची असेल तर तिचं आयुष्य ५० तासांच्या आसपास, हिऱ्याची ५०० तासांच्या पुढे चालते. नवी सुई घ्याल तेव्हा हिऱ्याचीच घ्या.

प्लेअर हळू चालतो आणि मधून ठक-ठक येतं, म्हणून तो ‘गेला’ असं तुम्ही म्हणता. तो गेलेला नाही. मोटरच्या दांड्यावरून तबकडीच्या थाळीला फिरवणारं रबरी चाक, म्हणजे आयडलर, कडक आणि गुळगुळीत झालंय. वेगाचा खटका ३३वर ठेवूनच प्लेअर बंद करून ठेवला की हे चाक एकाच जागी दाबलेलं राहतं, तिथे सपाट खड्डा पडतो आणि प्रत्येक फेरीला ठक वाजतं. थाळी वर उचला, चाकाची कड आणि थाळीची आतली कड स्पिरिटच्या फडक्याने पुसा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चाक हाताने फिरवत हलकंच सगळीकडून सारखं घासा. मोटरच्या दोन्ही बुशांत, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्यांत, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. खोबरेल तेल अजिबात नको, थंडीत गोठतं आणि मोटर धरून बसते. रबराला तेल लागू द्यायचं नाही. एवढ्याने खड्डा गेला नाही तर चाक लेथवर धरून कड समकेंद्री करून घ्यावी लागेल आणि बुश झिजलं असेल तर पितळी बुश नवं करून घ्यायचं. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांना हे काम नवं नाही. मात्र नमुना म्हणून जुना भाग बरोबर न्या, नुसतं माप सांगू नका.

वेग तपासायला रेघांची कागदी चकती लागते, ती मी छापून पाठवते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ च्या वेगाला १८० रेघा आणि ७८ ला ७७. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली बहुधा काहीच कळत नाही. या ५० हर्ट्झमुळेच आणखी एक सांगायचंय: अमेरिकेहून कुणी जुना प्लेअर आणून देतो म्हणालं तर आधी मोटर बघायला सांगा. तिथली वीज ६० हर्ट्झची. विजेच्या हर्ट्झवर चालणारी सिंक्रोनस मोटर इथे ३३ऐवजी २८च्या आसपास फिरते, आणि ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून हा फरक जात नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. महागडा प्लेअर हौसेने आणवून लोक इथेच फसतात.

आता ॲम्प्लिफायर. बरीच वर्षं बंद असलेला ॲम्प थेट प्लगमध्ये घालू नका, ‘चालतोय का बघू’ म्हणूनसुद्धा नाही. आतल्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये ऑक्साइडचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो कमकुवत होतो, आणि एकदम २३० व्होल्ट मिळाले की कॅपॅसिटर फुगतो किंवा फुटतो. दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात ॲम्पच्या आधी १०० वॅटचा तारेचा बल्ब येतो. स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून त्यावर लावायचा. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक, अर्धा तास तसाच ठेवावा. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे: डायोड, मोठा कॅपॅसिटर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर. बाबा, हे काम तुम्ही स्वतः करू नका. बोर्डावर उघडी फेज असते आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

दुरुस्तीवाल्याला काय सांगायचं, ते नीट वाचा, कारण चांगले ॲम्प दुरुस्तीतच वाया जातात. कॅपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नाही, आणि १०५ डिग्री उष्णता सोसणारा मागायचा. आपल्याकडच्या त्या काळच्या कितीतरी ॲम्पमध्ये २एन३०५५ हे ट्रान्झिस्टर असतात. बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत, त्या जरा आवाज वाढवला की जळतात. म्हणून जुना ट्रान्झिस्टर शाबूत असेल तर तो काढूच नये. बदलावाच लागला तर खालची अभ्रकाची चकती आणि थर्मल पेस्ट नवी घालायची. मागच्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घातलेला निघाला तर आधी तो काढून मागे छापलेल्या आकड्याचा फ्यूज घालायला लावा. काम झाल्यावर स्पीकर जोडण्याआधी लाल-काळ्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी मोजून दाखवा म्हणावं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. मिलिव्होल्टऐवजी व्होल्टमध्ये आकडा दिसला तर त्या क्षणी बंद करायचं, नाहीतर वूफरची, म्हणजे बास देणाऱ्या मोठ्या स्पीकरची, कॉइल जळते.

व्हॉल्यूम फिरवताना जो खरखराट येतो, त्यासाठी पॉट, म्हणजे नॉबमागचा भाग, बदलू देऊ नका. वीज बंद असताना कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून नॉब २०-३० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की बहुधा जातो. गुणगुण येत असेल तर हे बघा: व्हॉल्यूम कमी-जास्त केला तरी गुणगुण तेवढीच राहिली तर पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर संशयित, व्हॉल्यूमबरोबर वाढली तर बाहेरून येतेय, प्लेअरची अर्थची वायर सुटलेली असते.

स्पीकर तर मुळीच देऊ नका. वूफरच्या कडेची फोमची रिंग चुरा होऊन पडते आहे, एवढंच झालंय. १५-२० वर्षांत फोम असाच जातो, दमट हवेत लवकर. कोन (पुढचा हलणारा पडदा), कॉइल, चुंबक, पेटी सगळं धड आहे. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तरच कॉइल तुटलेली. दुरुस्तीवाला ‘तयार कोन बसवून देतो’ म्हणेल, त्याला ठाम नाही म्हणा. नवा कोन आणि नवी कॉइल बसली की तो स्पीकर वेगळाच वाजतो आणि डाव्या-उजव्याचा मेळ बसत नाही. फक्त रिंग बदलायची, आणि एकाची गेली असली तरी दोन्हींची. जुना गम पूर्ण खरवडून काढायचा, लवचीक राहणारा रबरी गम वापरायचा. फेव्हिक्विक कडक होऊन तडकतं. कॉइल मधोमध राहिली पाहिजे: दोन्ही अंगठ्यांनी कोन सारखा दाबला तर आत घासल्याचा आवाज येता कामा नये. २४ तास सुकल्याशिवाय वाजवायचा नाही. घरच्या जोडणीला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुष्कळ झाली, आणि दोन्हीकडे लाल ते लाल, काळी ते काळी. एक उलटी लागली तर बास गायब होतो आणि लोक स्पीकरलाच नावं ठेवतात.

आई, तुझं म्हणणं एवढंच आहे की मालिकांतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत नाही. टीव्ही भिंतीला चिकटवला की त्याचे खाली किंवा मागे तोंड असलेले स्पीकर आणखी दबतात. याच जुन्या ॲम्पला टीव्ही जोडून बघ. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर त्यातून दोन आरसीए पिनांची केबल ॲम्पच्या मागे ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी लावायची. याचा फायदा म्हणजे आवाज बहुतेक टीव्हींत तुझ्या रिमोटवरच कमी-जास्त होतो. फक्त ऑप्टिकल आउट असेल तर मध्ये एक लहान डॅक, म्हणजे डिजिटल आवाज ॲम्पला चालेल असा करून देणारी डबी, लागतो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम या साध्या प्रकारावर ठेवावा लागतो, नाहीतर शांतता किंवा खर्र. आणि मग आवाजासाठी बहुधा दर वेळी उठून ॲम्पपाशी जावं लागेल. तुझ्या गुडघ्यांना ते परवडणार नाही, तेव्हा हेडफोनचं भोक नसेल तर खरंच साउंडबार घ्या. घेताना टीव्ही आणि साउंडबार दोन्हींना एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारी जोडणी) आहे का बघा, म्हणजे एकच रिमोट चालतो. पेटीवर ‘पीएमपीओ’ म्हणून लिहिलेल्या हजारो वॅटना काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे खरे वॅट, किती ते विचारा. आणि आतला बोर्ड गेला की सुटे भाग मिळवणं कठीण जातं, हे धरून बजेट ठरवा. साउंडबार काही वर्षांसाठी असतो. त्याच्यासाठी जुना सेट द्यायचा, हे मला पटत नाही.

कॅसेट डेक आणि सीडी चेंजरवाली मिनी सिस्टीम द्यायला माझी ना नाही. चेंजरचं लेझर गेलं की खर्च वाया. पण डेक देण्याआधी घरी भरलेल्या कॅसेट, म्हणजे आजोबांच्या भजनाच्या आणि बारशाच्या गाण्यांच्या, संगणकावर उतरवून घ्यायला हव्यात. विकत घेतलेल्या कॅसेट पुन्हा कुठे ना कुठे मिळतील, या मिळणार नाहीत. ज्या टेपवर पांढरी बुरशी दिसते ती डेकमध्ये घालू नका, हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. त्या वेगळ्या बांधून ठेवा. एक ९० मिनिटांची कॅसेट पूर्ण दर्जाने साठवली तर एक जीबीपेक्षा थोडी कमी जागा घेते, तेव्हा जागेची चिंता नको.

तबकड्या धुवायच्या असतील तर लाखेच्या ७८ना स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल लावू नका, लाख विरघळते. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, मधलं लेबल कोरडं ठेवायचं. पावसाळ्यात स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि खालच्या कप्प्यात काही ठेवू नका. २०१९ आणि २०२१ला शाहूपुरीत पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते तुम्ही पाहिलंय. नोवापानची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, पेटी एकदा भिजून फुगली की पुन्हा सरळ होत नाही.

बाबा, तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा, रविवारी फोनवर सांगा: ॲम्पच्या मागे छापलेला फ्यूजचा आकडा, कार्ट्रिजवरचा नंबर, आणि वूफरची मापं. वूफरची दोन मापं लागतील, फोमच्या रिंगचा बाहेरचा व्यास आणि कोनच्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रिंग आणि सुई मी इथून पाठवते. प्लेअर दुरुस्तीला न्यायचा झाला तर थाळी काढून वेगळी गुंडाळा, टोनआर्म दोऱ्याने स्टँडला बांधा, आणि मोटरखाली प्रवासाचे स्क्रू असतील तर आवळून घ्या. स्पीकर रिक्षात घालताना जाळीकडची बाजू एकमेकांसमोर ठेवा, मध्ये चादर.

तुमची,
मनू