सव्हानाला जातेस तर

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला चाललीस हे छान झालं. तिथल्या सहलीत कुणी ना कुणी तुला सांगेलच, की इथलं यादवी युद्ध गुलामीवरून नव्हतं, 'राज्यांच्या हक्कां'वरून होतं. वाद घालत बसू नकोस. कुठला हक्क, एवढंच विचार. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटली. तेव्हा काढलेल्या कारणपत्रात तक्रार नेमकी उलटी आहे: उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, केंद्राचा कायदा धाब्यावर बसवतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी हक्क वापरला याचाच राग! मार्च १८६१ मध्ये फुटीर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याच सव्हाना शहरात भाषणात म्हणाला, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या राज्याचा पाया. इतकं उघड बोलल्यावर दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही.

युद्धाच्या तारखा तुला पाठ आहेत, त्यात मी शिरत नाही. तुला 'नंतर काय झालं' हे हवंय, आणि त्याची सुरुवातही सव्हानातच होते. मॅडिसन स्क्वेअरला ग्रीन-मेल्ड्रिम नावाचं घर आहे, ते चुकवू नकोस. १२ जानेवारी १८६५ ला तिथे उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? सदुसष्ट वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर सर्वांच्या वतीनं म्हणाले: जमीन. ती आम्ही आमच्या कष्टानं कसू. चार दिवसांत हुकूम निघाला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची बेटं आणि किनारपट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी जास्तीत जास्त ४० एकर. सुमारे ४०,००० माणसं त्या जमिनींवर जाऊन बसली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत जाऊ लागली. नुकसानभरपाई मात्र दिली गेली होती, बरं का. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामी संपवताना सरकारनं एका माणसामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम दिली, ती मालकांना.

सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली, पण हातात जमीन नाही, खेचर नाही, रोकड नाही. त्यात मिसिसिपीनं १८६५ च्या नोव्हेंबरातच कायदे केले: दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवा; वर्ष पुरं होण्याआधी मालक सोडलात तर झालेली मजुरीही बुडेल; शहराबाहेर जमीन भाड्यानं घ्यायची नाही. काम नसेल तर भटकेपणाचा दंड, आणि पाच दिवसांत तो भरला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायला धाडायचं. केंद्रानं हे कायदे पुढे मोडून काढले, पण जमिनीचा प्रश्न तसाच राहिला, आणि त्यातून बटई आली.

बटईची वही कशी चाले ते नीट समजून घे, कारण लोक इथेच घाईनं पुढे सरकतात. मालक जमीन, खेचर, अवजारं, बी देई, पीक निम्मं-निम्मं. स्वतःचं खेचर असेल तर मालकाला कापसाचा चौथा आणि मक्याचा तिसरा हिस्सा. वर्षभराचं पीठमीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कापड दुकानातून उधारीवर यायचं, आणि तारण कुठलं? अजून न उगवलेलं पीक. दुकानदार प्रत्येक मालाचे दोन भाव ठेवी, रोखीचा आणि उधारीचा. उधारीचा भाव आधीच चढा, त्यावर व्याज. समज, २० एकरांत ५०० पौंडांच्या ८ गासड्या निघाल्या आणि भाव मिळाला पौंडाला ८ सेंट. झाले ३२० डॉलर, वाट्याला १६०. दुकानातून रोखीच्या भावानं १३० डॉलरचा माल आणला असता तर ३० उरले असते. उधारीनं तोच १७० ला पडला, म्हणजे डिसेंबरच्या हिशेबात १० डॉलर अंगावर. ते पुढच्या वर्षी ओढले जाणार, आणि देणं फिटेपर्यंत दुसरं दुकान नाही, दुसरा मालकही नाही. दुकानदाराचा आग्रह कापसाचाच असे, कारण तो नासत नाही, कुठेही विकता येतो आणि कुळाला खाता येत नाही. मका लावला असता तर घरात पीठ राहिलं असतं. शिवाय वही ठेवणारा लिहिता-वाचता, कूळ बहुतेकदा निरक्षर. आकडा खोटा असला तरी ओळखणार कोण?

आपल्याकडे याचा थेट धागा आहे. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा इकडच्या कापसाचे भाव भडकले, सावकारांनी मोकळ्या हातानं कर्जं दिली. १८६५ नंतर भाव कोसळले, हात आखडले, वर सारावाढ. मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून रोखे काढून घेऊन जाळले. पण १८७९ च्या कायद्यानं इथल्या न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मागचा हिशेब उकरायची मुभा तरी दिली. जॉर्जियाच्या कुळाला ती नव्हती. तिथला तारणाचा कायदा वहीवाल्याच्या बाजूचा.

आता मतदानाच्या हक्काचं. गुलामांना मुक्त केल्याबद्दल जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली ते साल १८७३. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्सच्या कचेरीपाशी गोऱ्यांच्या टोळीनं डझनांनी कृष्णवर्णीय मारले, त्यांतले कित्येक शरण आल्यावर. शिक्षा झालेले थोडके. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही सोडले, का तर समान हक्कांची घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना नाही. १८७७ मध्ये दक्षिणेत उरलेलं केंद्रीय सैन्यही मागे घेतलं गेलं. मग बंदुकीऐवजी कागद आला. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेत वर्षाला दोन डॉलरचा मतकर, मागच्या दोन वर्षांचा भरणा दाखवायचा, आणि घटनेचं एखादं कलम वाचा किंवा समजावून सांगा. समजलं की नाही हे ठरवणार नोंदणी अधिकारी. रंगाचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून १८९८ मध्ये न्यायालयालाही त्यात गैर दिसलं नाही. लुइझियानानं वेगळी गंमत केली: १ जानेवारी १८६७ ला ज्याच्या बापाला किंवा आजाला मत होतं त्याला परीक्षा माफ. तिथे १८९६ मध्ये कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते, १९०४ मध्ये १,३४२.

गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीतही 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' अशी एक फट ठेवली आहे. तिच्या आधारानं कैदी भाड्यानं देणं अलाबामात १९२८ पर्यंत चाललं. ती दुरुस्ती मूळ इंग्रजीत एकदा वाच, दोनच वाक्यांची आहे. तिथे उकाडा फार, पाणी जवळ ठेव.

तुझी,
आई