शेवटची ३० कार्डं

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉल कार्डांचा बॉक्स नेरूळला पोचला हे तुझ्या फोनवरून कळलं. हात शिवशिवत असतील, पण पहिला पॅक फोडण्याआधी हे वाचून घे.

आधी एक ठरव, पुरं काय करायचंय? माझं म्हणणं, फक्त बेस सेट, म्हणजे सेटमधली नंबरवार साधी कार्डं धर. इन्सर्ट (मधूनच येणारी खास कार्डं) आणि पॅरलल (बेस कार्डाचीच वेगळ्या रंगाची किंवा चमकीची आवृत्ती) आले तर आनंदच आहे, पण त्यांच्या मागे लागू नकोस. आणि तुझ्या जुन्या बाइंडरात हा सेट घालू नकोस. २००९-१० ते २०२४-२५ असे सोळा सीझन एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची कार्डं पनिनी कंपनीकडे होती, २०२५-२६ पासून ती परत टॉप्स कंपनीकडे आली. तुझी पनिनीच्या प्रिझ्म सेटची कार्डं वेगळी राहू देत. नव्यातही टॉप्स आणि टॉप्स क्रोम हे दोन निराळे सेट आहेत. एकच खेळाडू दोन्हीकडे सापडेल, म्हणून मागच्या बाजूला सेटचं नाव आणि नंबर बघितल्याशिवाय कार्ड बाइंडरच्या खिशात सरकवायचं नाही.

आता हिशेब, आणि हा नीट वाच. ३०० कार्डांचा बेस धरू. प्रत्येक कार्ड यायची शक्यता सारखी मानली, तर पहिली १५० वेगवेगळी कार्डं जमायला सरासरी २०७ कार्डं उघडावी लागतात. २७० जमेपर्यंत ६८६. आणि पूर्ण ३०० व्हायला १८८५! म्हणजे शेवटच्या ३० कार्डांसाठी बाराशे कार्डं फोडायची. बॉक्स भरताना कंपनी एकाच बॉक्समध्ये डबल, म्हणजे तीच कार्डं पुन्हा, कमी पडतील असं बघते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी भरतात, पण शेवटाला जी ओढाताण होते ती तशीच राहते. म्हणून अर्धा सेट झाला की पॅक घेणं थांबव. उरलेली कार्डं डबलच्या अदलाबदलीतून आणि सुटी विकत घेऊन जमव. बेसचं साधं सुटं कार्ड स्वस्त पडतं, एका पॅकच्या पैशात तशी बरीच येतात.

त्याला अपवाद रूकी, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या कार्डांचा. त्यांच्यावर आरसी हा शिक्का असतो. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) डॅलस मॅव्हरिक्सने पहिल्याच नंबरवर घेतलेल्या कूपर फ्लॅगचं कार्ड सगळ्यांनाच हवं असणार. नवा सेट बाजारात येतो त्या दिवसांत अशा कार्डाचा भाव सहसा चढा असतो, बॉक्स फुटत जातात तसा तो उतरतो. घाई नको, ते शेवटी घे.

पॅकवर एखाद्या खास कार्डासाठी १:२४ असं छापलेलं असेल तर २४ पॅकमध्ये एक मिळणारच असं समजू नकोस. ती सगळ्या छपाईची सरासरी आहे. २४ पॅक फोडूनही हाती काहीच न येण्याची शक्यता साधारण ३६ टक्के असते. आणि कार्डावर २५/९९ दिसलं तर छापलेल्या ९९ पैकी ते पंचविसावं. दुर्मीळपणा ९९ मुळे येतो, २५ चा त्याच्याशी काही संबंध नाही. पॅरलल ओळखायला कार्ड ट्यूबलाइटखाली तिरपं धर. फोटो आणि नंबर बेससारखाच, पण कडेचा रंग किंवा चमक वेगळी असते. घाईत हीच कार्डं बेसच्या ढिगात जातात आणि मग तोच नंबर मिळाला म्हणून खूण होते.

फोडताना टेबल कोरडं आणि हात धुवून पुसलेले हवेत. फरसाणाची बशी लांब. सगळी कार्डं आधी शंभराच्या तीन गठ्ठ्यांत लाव, मग प्रत्येक गठ्ठा दहा-दहात. एकदम एक ते तीनशे लावायला गेलास तर कार्डं सतत हाताळली जातात आणि कोपरे पांढरे पडतात. रबर बँड लावायचा नाही, एक रात्रसुद्धा नाही. कडेला खाच पडते ती परत भरून येत नाही.

कार्ड सर्वात जास्त बिघडतं ते स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालताना. स्लीव्हच्या तोंडाला कार्डाचा खालचा कोपरा अडकतो आणि दुमडतो. दोन बोटांनी स्लीव्हच्या कडा हलकेच दाब, तोंड उघडेल, मग कार्ड सरळ सोड. जोर लागतोय असं वाटलं तर थांब, बाहेर काढ, पुन्हा घाल. स्लीव्हशिवाय थेट टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालू नकोस, प्लॅस्टिकने चरे पडतात. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर पुरतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड जाड असतं, त्याला १३० पॉइंटचा किंवा त्याहून मोठा घे. जाड टॉपलोडरमध्ये पातळ कार्ड मात्र आत हलतं आणि कोपरे आपटतात.

बाइंडरचं पान नऊ खिशांचं, पीव्हीसी नसलेलं. पीव्हीसी मऊ करायला घातलेलं द्रव्य कालांतराने सुटतं आणि कार्डाला चिकटतं. एका खिशात पाठीला पाठ लावून दोन कार्डं ठेवलीस तर पानाला १८, म्हणजे ३०० कार्डांना १७ पानं. रिंग डी आकाराची घे. गोल रिंगच्या बाइंडरात पानं वाकतात आणि आतल्या रांगेतल्या कार्डांवर रिंगचा वळ उठतो. न मिळालेल्या कार्डाचा खिसा रिकामा सोड आणि त्यात नंबर लिहिलेली चिठ्ठी घाल. अदलाबदलीला बसल्यावर तीच तुझी यादी होते.

आता आपल्याकडची खरी काळजी, दमट हवा. नेरूळला खाडी जवळ, आणि पावसाळ्यात तर भिंतीसुद्धा ओल्या. क्रोमसारख्या चमकदार कार्डाच्या पुढच्या थरात ओल शिरत नाही, मागचा कागद मात्र ती शोषून फुगतो. मग टेबलावर चित्र वर करून ठेवलं की कडा वर उचललेल्या दिसतात. इस्त्री वगैरे करू नकोस. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, सपाट वजनाखाली काही दिवस ठेव. डब्यात ओल मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेव आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू दे. फार कोरडं झालं तर कार्ड उलट्या बाजूला वाकतं. जेल नारिंगी दाण्यांचं घे. ओल भरली की ते हिरवं होतं. हिरवं झालेलं इकडे आण, ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तासांत ते पुन्हा नारिंगी होतं. डबा खिडकीजवळच्या शेल्फात नको, बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको.

कुणाला कार्ड पाठवायचं झालं तर स्लीव्ह, टॉपलोडर, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, मग बबलचं पाकीट आणि स्पीड पोस्ट. टॉपलोडरच्या तोंडावर सेलोटेप नको, तिचा चिकटा राहतो. रंगारी वापरतात ती कागदी टेप लाव आणि टोक दुमडून ठेव, म्हणजे समोरच्याला ओढून काढता येईल. महागडं कार्ड घेताना आधी दहापटीच्या भिंगाखाली बघ. खऱ्या कार्डात फोटो बारीक ठिपक्यांचा असतो, पण काळी अक्षरं बहुतेक एकसंध, स्वच्छ कडेची असतात. अक्षरांतही ठिपके दिसले तर घेऊ नकोस.

शनिवारी ट्रान्स-हार्बरने येशील तेव्हा डबल वेगळ्या गठ्ठ्यात आण, नंबरवार लावून. बाइंडरची पानं मी इथून घेऊन ठेवते, १७ आणि वर तीन जास्तीची.

तुझी,
आई