कॅसिनोला एक चिप कितीला पडते?

महोदय,

लास वेगासच्या जुगारधंद्यावरील आपल्या लेखात ‘चिप (जुगारात पैशांऐवजी वापरायची चकती) बनवायला फार तर चार-पाच सेंट लागतात’ असे विधान आहे. क्ले, म्हणजे मातीमिश्रित, चिपबाबत ते पटत नाही. घरगुती खेळासाठी ‘११.५ ग्रॅम क्ले’ म्हणून जे डबे विकले जातात, त्यांतली चिप बहुधा प्लास्टिकची असते आणि वजनासाठी आत धातूची चकती घातलेली असते. तिच्या भावावरून कॅसिनोच्या खरेदीचा अंदाज बांधला की हिशेब तिथेच चुकतो. संग्राहकांच्या बाजारातले भावही कामाचे नाहीत, कारण तिथे दुर्मिळतेचे पैसे मोजले जातात.

कॅसिनोची क्ले चिप ३९ मिलिमीटर व्यासाची आणि साधारण ९ ते १० ग्रॅमची असते. माती, खनिज भुकटी आणि बंधक द्रव्य यांचे ते मिश्रण असते. माल स्वस्तच, पैसा जातो तो मजुरीत. कडेवरचे रंगीत ठिपके छापलेले नसतात. मूळ रंगाच्या तुकड्यातून खाच कापून तिथे दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात, मग मधली छापील चकती ठेवून सगळे साच्यात उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात. ठिपके वाढले की हातकाम वाढते आणि चुकाही वाढतात: रंग एकमेकांत पसरतो, चकती तिरकी बसते. असा माल ‘सेकंड’, म्हणजे दुय्यम प्रतीचा, म्हणून विकता येत नाही, नष्टच करावा लागतो. त्याचा खर्च चांगल्या चिपांवर चढतो.

अंदाजाचा सर्वांत भरवशाचा आधार होता गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल या कंपनीचे वार्षिक अहवाल. ‘पॉलसन’ नावाने विकल्या जाणाऱ्या चिपा याच कंपनीच्या, कारखाना मेक्सिकोत. आरएफआयडी (रेडिओलहरींनी ओळख पटवणारी खूण) असलेल्या आणि नसलेल्या चिपांची विक्री ती वेगवेगळी दाखवत असे. मात्र ढोबळ नफ्याचे प्रमाण पत्ते, फासे, टेबले सगळे धरून असायचे, त्यामुळे ते जसेच्या तसे चिपांना लावू नये. २०१९ मध्ये जपानच्या एंजल या उद्योगाने ही कंपनी विकत घेतली आणि हे अहवालही थांबले.

आमचा आडाखा असा. नव्या कॅसिनोची १ लाख चिपांची मागणी धरा. त्यांपैकी ६०,००० कमी दर्शनी किमतीच्या, मोजके ठिपके असलेल्या, ९० सेंट दराने ५४,००० डॉलर. ३५,००० मध्यम दर्शनी किमतीच्या, जास्त ठिपक्यांच्या, १.१० डॉलरने ३८,५००. ५,००० आरएफआयडीवाल्या, अडीच डॉलरने १२,५००. एकूण १,०५,००० डॉलर, म्हणजे सरासरी सव्वा नव्हे, दीड नव्हे, एक डॉलर पाच सेंट. हे दर आम्ही धरलेले आहेत, पण कुठला आकडा हलवला तर काय बदलते ते यातून दिसते. मागणी काही हजारांचीच असेल तर चित्रांकन आणि साच्याची तयारी नगामागे जड पडते.

वाहतूक विसरू नका. या १ लाख चिपांचे वजन जवळपास एक टन भरते, आणि माल नोटांइतक्याच बंदोबस्तात आणून मोजून घ्यावा लागतो. शिवाय अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कॅसिनोंना, बनावट चिपा आल्या तर लगेच बदलता याव्यात म्हणून वेगळ्या रूपाचा राखीव संच बाळगावा लागतो. तो बहुतेक वेळ तिजोरीतच पडून असतो, बिल मात्र पूर्ण. डिसेंबर २०१० मध्ये लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोतून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिपा लुटल्या गेल्या, तेव्हा कॅसिनोने २५,००० डॉलरच्या चिपांची जुनी मालिकाच रद्द केली. अशा खर्चाची तरतूद नगाच्या दरात कुठेच दिसत नाही.

पर्यटक आठवण म्हणून चिप खिशात घालून नेतात, तो कॅसिनोचा निव्वळ नफा, असेही लेखात म्हटले आहे. एक डॉलरच्या चिपवर हा व्यवहार जेमतेम बरोबरीत सुटतो. पाच डॉलरपासून पुढे तो खरोखर कॅसिनोच्या बाजूचा होतो, पण ती चिप पुढेमागे वटवायला कोणी येईल म्हणून तेवढी रक्कम हिशेबात देणे म्हणून उभी राहते.

आपले,
दोन वाचक