माकुळाचा डोळा

पंचवटी, नाशिक

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, सगळ्यात मोठं माकूळ आणि किलर व्हेल यांची झुंज लागली तर कोण जिंकेल?" मी कांद्याच्या लिलावात होतो, धड ऐकू येईना. म्हणून आज लिहितोय.

मी मापारी, आधी वजनच बघणार. २००७ साली अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात न्यूझीलंडच्या बोटीला 'कलोसल स्क्विड', म्हणजे तुझं ते सगळ्यात मोठं माकूळ, सापडलं. ते भरलं ४९५ किलो. आपल्या ५० किलोच्या जवळजवळ १० गोण्या! किलर व्हेलचा मोठा नर ६ टनांपर्यंत जातो, म्हणजे १२० गोण्या.

पण या माकुळाचा डोळा २७ सेंटिमीटरचा असतो गं. रात्री पट्टी घेऊन मी ताट मोजलं, ताटापेक्षा थोडाच लहान. सोंडांवर गळासारखे आकडे, तेही गोल फिरणारे. हृदयं तीन, रक्त निळं. तू त्याच्या बाजूची आहेस ना? मीही.

खरं तर मोठं झालेलं हे माकूळ खोल अंधारात राहतं आणि किलर व्हेलला श्वासासाठी वर यावंच लागतं. माकुळाचा खरा वैरी स्पर्म व्हेल, तो खोल बुडी मारतो.

मला मात्र वजनापेक्षा दुसराच फरक मोठा वाटतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलर व्हेलमध्ये मुलगे जन्मभर आईजवळ राहतात. घोड्याएवढा झालेल्या लेकालाही आई पकडलेल्या सामन माशातला वाटा देते. मासे कमी पडतात त्या वर्षी म्हाताऱ्या आज्या पुढे होऊन वाट दाखवतात. माकुळांच्या बहुतेक जातींत अंडी घातल्यावर आई मरते. पिल्लाला शिकवायला कुणीच नसतं.

मार्च २०२५ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरातल्या साउथ सँडविच बेटांजवळ कलोसल स्क्विडचं पहिल्यांदाच समुद्रात जिवंत चित्रण झालं. ६०० मीटर खोल, काचेसारखं पारदर्शक, जेमतेम ३० सेंटिमीटरचं पिल्लू. आजूबाजूला नुसता अंधार. तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. पोरीचा बाप आहे मी, जीव तुटला.

पत्र आजीला वाचून दाखव. मामाने मालवणच्या बाजारातून माकुळं आणली की आई साफ करायच्या आत एकाचा डोळा पट्टीने मोजून ठेव, मिलिमीटरमध्ये. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय.

तुझा,
बाबा